चाळकेवाडीच्या पठारावर काकवी, सेक्स्टंट आणि साडेपाच किलोमीटरचा घोळ

मर्चंट नेव्हीतल्या मित्राचा जुना सेक्स्टंट, म्हणजे सूर्य क्षितिजाच्या किती वर आहे तो कोन मोजून आपण कुठं आहोत ते काढायचं जहाजावरचं यंत्र, हातात आला तेव्हापासून डोक्यात होतं की समुद्र नसताना याच्यावर सूर्याचा कोन घ्यायचा, म्हणून डिसेंबरात पुतण्याला घेऊन साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करत पवनचक्क्यांच्या पठारावर गेलो. समुद्र नाही म्हणजे क्षितिज नाही, मग ताटलीत तेल ओतून त्यातला सूर्य आणि आकाशातला सूर्य एकमेकांना टेकवायचे, जो कोन येतो तो दुप्पट, त्याचा निम्मा घ्यायचा.

आता पवनचक्क्या तिथं उगाच लावल्यात का? वारं असं की तेलातला सूर्य नुसता थरथरतोय. पुतण्याच्या डोक्यातून निघालं, काकवी आणू. खाली उतरलो, किलोभर काकवी घेतली आणि परत वर. एकदम बेस्ट! घट्ट, काळी, हलतच नाही, सूर्य कसा नाण्यासारखा दिसतो. फक्त मुंग्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास पाच-सहा मिनिटांत 10 वेळा कोन घेतला, मी "आता" म्हणायचं आणि त्यानं मोबाईलवरचा सेकंद लिहायचा. तेव्हा सूर्य मिनिटाला साधारण 11 आर्कमिनिट (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) चढतो, काकवीत दुप्पट दिसतं, त्यामुळं नुसती सरासरी काढू नका, आलेखाच्या कागदावर वेळ आडवी आणि कोन उभा असे ठिपके मांडा, ते तिरक्या रेषेत बसले पाहिजेत. आमचा सातवा ठिपका 12 आर्कमिनिट बाहेर, ड्रम (कोनाचे आर्कमिनिट दाखवणारं गोल चाक) वाचताना चुकलो होतो, तो काढून टाकला. राहिले 9, त्याचं वर्गमूळ 3, म्हणजे हाताच्या थरथरीची चूक एका कोनातल्या चुकीच्या साधारण एक तृतीयांश. पुतण्या म्हणाला, "काका, सगळं येकसारखं आलंय की, आता चुकायचं कामच न्हाई."

गणित करून नकाशावर रेषा काढली, आपण जिच्यावर कुठंतरी असायला हवं ती, तर ती आम्ही बसलो होतो तिथून साडेपाच किलोमीटर लांब! अर्धा तास डोकं खाजवलं. सेक्स्टंटची स्वतःची 6 आर्कमिनिटांची चूक होती, इंडेक्स एरर, ती मी तपासलीच नव्हती. निम्मी झाली तरी 3 आर्कमिनिट, म्हणजे 3 सागरी मैल, तेच ते साडेपाच किलोमीटर. नऊच्या नऊ कोनांत तीच चूक त्याच बाजूला, मग सरासरी काय करणार, शंभर वेळा घेतला असता तरी तेवढीच राहिली असती.

जाणार असाल तर सुरुवातीला आणि शेवटी इंडेक्स एरर बघाच, लांबच्या डोंगराची कड चालते. दोन्ही आरशांसमोर काळ्या काचा हव्यात, काकवीतला सूर्यपण डोळा जाळतो. वाऱ्याला काचेचं झाकण ठेवलं तर निम्मे कोन झाल्यावर ते पुढची बाजू मागे येईल असं फिरवा, काचेची चूक कटते. बारा वाजता ही तिरक्या रेषेची भानगड लावू नका, तिथं सूर्य वळतो, रेषा वाकते. आणि थंडीतच जा, मे महिन्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर, दुप्पट कोन सेक्स्टंटच्या पट्टीतच मावत नाही.

काकवीच्या डब्याला घट्ट झाकण न्या. आमच्या गाडीत अजून मुंग्या निघतायत आणि बायकोला यातलं काहीच सांगितलेलं नाही.