नॉमिनी दीर, वारस आम्ही तिघी

माझ्या पतींनी २००६ साली, लग्नाआधी, १२ लाखांची आयुर्विमा पॉलिसी घेतली आणि नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव लिहिले. लग्नानंतर ते बदलायचे राहून गेले. २०१९ मध्ये ते गेले, आणि तेराव्यानंतर चारच दिवसांनी भाऊजींनी विमादावा दाखल केल्याचे सासूबाईंकडून कळले. "वहिनी, आता कायद्यानेच नॉमिनी मालक असतो," असे त्यांचे म्हणणे होते.

सातारच्या वकीलबाईंनी त्यातला फरक समजावला. विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार नॉमिनीला रकमेची मालकी मिळते, पण तो नॉमिनी विमेदाराचे आईवडील, पती किंवा पत्नी अथवा मुले यांपैकी असेल तरच. भाऊ त्यात येत नाही. त्याला सर्वोच्च न्यायालयाचा सरबती देवी खटल्यातील १९८४ चा निर्णयच लागू होतो, म्हणजे तो फक्त पैसे स्वीकारणारा, मालक मात्र वारसच. मात्र कंपनीने नॉमिनीला पैसे दिले की तिची जबाबदारी संपते आणि वारसांना नॉमिनीच्या मागे लागावे लागते, म्हणून घाई करणे भाग होते. मी त्याच दिवशी शाखेत लेखी हरकत देऊन प्रतीवर आवक शिक्का घेतला. न्यायालयाचा आदेश नसेल तर रक्कम फार काळ रोखता येणार नाही, असे अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा आठवड्याभरात दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला.

सर्वात अवघड गेले ते सासूबाईंना प्रतिवादी करणे. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, पत्नी आणि मुले वर्ग १ चे, म्हणजे पहिल्या हक्काचे वारस, त्यामुळे मी, आमची मुलगी आणि सासूबाई अशा तिघी वारस होतो आणि त्यांचाही एकतृतीयांश हिस्सा होता. पण घरी समन्स आले तेव्हा सुनेने कोर्टात खेचले एवढेच त्यांना कळले, आणि महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलाच्या पैशांत त्यांचाही हक्क आहे, हे मी दावा लावण्याआधीच त्यांच्याजवळ बसून सांगायला हवे होते, याची खंत मला अजूनही आहे.

पुढे त्यांनीच भाऊजींना समजावले आणि तडजोडीची पुरसीस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) दाखल झाली. मुलगी अज्ञान (१८ वर्षांखालील) असल्याने तिच्या वतीने तडजोड करण्यास न्यायालयाची वेगळी परवानगी लागली, त्यात आणखी दोन तारखा गेल्या. तिचे ४ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश झाला, आणि ती १८ वर्षांची होईपर्यंत मलाही ते न्यायालयाच्या परवानगीशिवाय काढता येत नाहीत.