दोनशे अधिक पंधरा, वीस हजार पंधरा

फेब्रुवारी, द्राक्षांचा ऐन हंगाम. आम्ही लिहिलेल्या ॲपवर मालाच्या वजनाची नोंद ठेवणाऱ्या पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमधून फोन आला, "सर, एका बागायतदाराच्या खात्यावर आजचा माल वीस हजार पंधरा किलो दिसतोय. बाग तर त्याची एकरभर!"

सकाळची खेप २०० किलो, दुपारची १५. वेब फॉर्ममधून येतं ते वजन आकडा नसतं, मजकूर असतो. आमचं ॲप ज्या भाषेत लिहिलंय त्या जावास्क्रिप्टमध्ये दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की बेरीज होत नाही, ते एकमेकांना चिकटतात. एरर नाही, कुरकुर नाही, थेट २००१५.

आमच्या अंबडच्या ऑफिसात तातडीची बैठक बसली. कोड तेव्हा साठेक हजार ओळींचा. एक सहकारी तापलाच होता, "जावास्क्रिप्टसारख्या स्क्रिप्टिंग भाषा छोट्या कामाला ठीक. सगळं जावा या दुसऱ्या भाषेत लिहू. तसंही ॲप रडतखडत चालतंय." हंगामाच्या मध्यात सगळं नव्याने लिहायचं म्हणजे लग्नघरात पाया खोदायचा! मी दोन दिवस मागून घेतले आणि आधी वेळ कुठे जातो ते मोजलं. चारशे बागायतदारांची यादी दाखवायला आम्ही डेटाबेसला ४०१ वेळा विचारत होतो. एकाच जॉइनमध्ये, म्हणजे तक्ते जोडून एकाच प्रश्नात, ते आणल्यावर नऊ सेकंदांचं पान सेकंदाच्या आत उघडलं. भाषेचा त्यात काही संबंध नव्हता. इन्स्टाग्रामचा सर्व्हर पायथॉनवर, म्हणजे अशाच स्क्रिप्टिंग भाषेवर चालतो, आमच्या चारशे बागायतदारांचं काय घेऊन बसलात.

वजनाची चूक मात्र भाषेच्या स्वभावातलीच, ते मान्य केलं. म्हणून टाइपस्क्रिप्ट घेतली. ही जावास्क्रिप्टच, पण कुठे आकडा आणि कुठे मजकूर, म्हणजे 'टाइप', लिहून ठेवायचे आणि प्रोग्राम चालण्याआधीच तपासून घ्यायचे. मायक्रोसॉफ्टने ती २०१२ मध्ये आणली ती अशाच मोठ्या कोडसाठी. जुन्या फायली तशाच ठेवून एकेक बदलता येते, हे आमच्यासाठी महत्त्वाचं. हिशेबाच्या फायली आधी घेतल्या. घाईत पोरं जिथे तिथे 'एनी', म्हणजे 'काहीही चालेल', लिहून मोकळी व्हायची. तसं केलं की तपासणी संपलीच. शिवाय हे टाइप प्रोग्राम चालताना उरतच नाहीत, त्यामुळे फॉर्ममधून आलेलं वजन आत घेतानाच तपासावं लागतं. हे कळायला आम्हाला आणखी एक चुकीचं बिल लागलं.

खरा फायदा कोडमधल्या 'वजन' या नावाचं 'निव्वळ वजन' करताना दिसला. पूर्वी शोधून शोधून बदलायचं आणि देवावर हवाला. यावेळी टाइप तपासणाऱ्या कंपायलरनेच सगळ्या जागा दाखवल्या, तासाभरात काम आटोपलं.

जुन्या रिपोर्टांच्या फायलींत 'एनी' अजून आहेत. हंगाम संपला की बघू, असं दोन वर्षं म्हणतोय.