घाट घरात बसवताना

बेळगावहून गोव्याची गाडी लोंढ्यात वळते आणि कॅसलरॉकनंतर घाट उतरायला लागते. चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर जाताना एक मीटर उंची. चढणाऱ्या जड गाड्यांना मागून बँकर इंजिनं ढकलतात. रूळ मीटरगेजचे होते तेव्हाही घाट हाच होता, १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झालं तरी तोच. मी घरात छोट्या मॉडेल रेल्वेचा ले-आउट, म्हणजे रूळ-गाड्यांची मांडणी, केलाय; त्यात लोंढ्याचं यार्ड होतं, घाट नव्हता. म्हणून भिंतीकडचा सगळा भाग उचकटून नव्याने मांडायला घेतला.

मी एचओ स्केलमध्ये काम करतो, म्हणजे मूळच्या ८७ वा भाग. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजला खरं तर एकोणीसच्या वर लागतं, पण तयार रूळ आणि इंजिनं साडेसोळाचीच मिळतात, ते मी मनापासून स्वीकारलंय.

खरी अडचण उंचीची. एक लाईन दुसरीवरून न्यायची तर मध्ये ८ सेंमी फरक हवा. ३७ ला १ ने ८ सेंमी चढायला २९६ सेंमी लांबी लागते, शिवाय चढ सुरू होताना आणि संपताना रूळ हळूहळू वाकवावा लागतो, नाहीतर कपलिंग, म्हणजे डब्यांमधले जोड, सुटतात. माझी भिंत दहा फुटांची. कागदावर कितीही रेघा मारल्या तरी बसेना.

तोडगा सुचवला तो सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींनी. "वरचीच का चढवायची सर? खालची खाली घ्या की." एक लाईन ४ सेंमी वर, दुसरी ४ सेंमी खाली. लांबी निम्म्यावर आली!

त्यानंतर वळणाचा हिशेब. वळणावर घर्षण वाढतं, म्हणून खऱ्या रेल्वेतही तिथे चढ सौम्य ठेवतात. माझं वळण २४ इंच त्रिज्येचं, पाव वर्तुळाचं, साधारण ९६ सेंमी. तिथे ५० ला १ ठेवला आणि सरळ भागात ३७ ला १. घाटाचा कस सरळ भागात दिसतो, वळणावर गाडी नुसती चालती राहिली पाहिजे.

प्लायवूड रुळाच्या आकारात जिगसॉने कापून खाली थ्रेडेड रॉड लावले. उद्यमबागेजवळ दुकानात ते नट-वॉशरसकट मिळाले. नट फिरवला की उंची मिलिमीटरने हलते. चढ तपासायला ३७ सेंमीची पट्टी घेतली, उताराकडच्या टोकाखाली नेमका १ सेंमीचा ठोकळा चिकटवला आणि वर स्पिरिट लेव्हल. बुडबुडा मधोमध आला की चढ बरोबर. वळणासाठी २५ सेंमीची पट्टी आणि ५ मिमीचा ठोकळा. या कामाला घाई चालत नाही. एक नट फिरवला की शेजारचे दोन्ही पुन्हा बघावे लागतात.

रूळ ठोकण्याआधी ते नुसते टाकून सहा डबे चढवून बघितले. एकटं इंजिन वळणाच्या तोंडाशी चाकं घसरवत होतं. मागे दुसरं जोडलं, दोघांचे डीकोडर (इंजिनातल्या वेग ठरवणाऱ्या चिप) एकाच वेगाला जुळवले आणि गाडी न अडखळता वर गेली. त्या क्षणी झालेला आनंद सांगता येत नाही.

आता खानापूरकडची तांबडी माती चाळून ठेवलीय, कडे त्याच रंगाचे करणार. दूधसागर मात्र पावसाळा संपल्यावर. ओल्या हवेत प्लास्टर नीट वाळत नाही.