तेलविहिरीतल्या पंपाच्या एका रिंगचं पेटंट : माझा अनुभव

पेटंटचा विषय निघाला की पहिला प्रश्न पैशांचाच येतो, म्हणून तो आधीच निकालात काढतो. एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीची ४,००० रुपये. सगळा मजकूर ३० पानांत आणि क्लेम (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतोय ते सांगणारी वाक्यं) दहाच्या आत बसवले तर अर्जाला जादा काही लागत नाही. एजंटचे पैसे वेगळे आणि ते याच्या कितीतरी पट. पण पैसे हा या सगळ्यातला सोपा भाग. डोकं खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीने : यंत्र चालतं हे सिद्ध करणं आणि ते नवीन आहे हे सिद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं जमणाऱ्याला दुसरं जमेलच असं नाही.

मी मेकॅनिकलचा. नोकरीतली बरीच वर्षं उत्तर गुजरातेत, मेहसाण्याच्या आसपास तेल उपसणाऱ्या सकर रॉड पंपांवर गेली. शेतात मान वर-खाली करणारं यंत्र फोटोत तरी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण खरा पंप जमिनीखाली शेकडो मीटरवर असतो. रॉडच्या टोकाला प्लंजर, तो ज्यात फिरतो ते बॅरल, आणि दोन बॉल व्हॉल्व्ह. बॅरलच्या तळाशी स्टँडिंग, प्लंजरमध्ये ट्रॅव्हलिंग. प्लंजर वर जाताना तेल बॅरलमध्ये ओढलं जातं. खाली येताना ट्रॅव्हलिंगचा बॉल उचलला जातो आणि तेल प्लंजरच्या वर जातं. हलणारे भाग इतके कमी, की बिघडायला जागाच नाही असं वाटावं.

बिघडवतो तो गॅस. बॅरलमध्ये तेलाऐवजी गॅस भरला की प्लंजर खाली येताना तो नुसता दाबला जातो. वरच्या तेलाच्या स्तंभाएवढा दाब तयार झाला नाही, तर बॉल जागचा हलत नाही. वर जाताना तोच गॅस पुन्हा पसरतो, त्यामुळे खालचा बॉलही उघडत नाही. वर यंत्र डोलत राहतं, वीज जळत राहते आणि पाइपातून थेंब येत नाही. याला गॅस लॉक म्हणतात. डायनामोमीटर कार्डावर, म्हणजे रॉडवरच्या भाराच्या आलेखावर, ते ओळखता येतं. (गंमत अशी, की मुंबई हायला विहिरींतून तेल वर आणायला मुद्दाम गॅस सोडतात. तिथे गॅस लिफ्ट हीच मुख्य पद्धत. म्हणजे आमचा तिथला मित्र इथला शत्रू!)

उपाय पुष्कळ आहेत : गॅस अँकर (पंपात शिरण्याआधीच गॅस तेलापासून वेगळा करणारं साधन), पंपाचं स्पेसिंग (प्लंजर पूर्ण खाली आल्यावर दोन व्हॉल्व्हमध्ये उरणारी जागा) अगदी कमी ठेवणं, आणि बॉल खालून पिनने ढकलून उघडणं. मी या तिसऱ्याच्या मागे लागलो. हिशोब असा. विहीर १,००० मीटर, तेलाची सापेक्ष घनता ०.९ धरली तर बॉलवर चौरस सेंटिमीटरला साधारण ९० किलोचा दाब. सीटचं भोक २५ मिलिमीटरचं असेल तर बॉलवर चारशे किलोच्या वर जोर बसतो. खालच्या गॅसचा दाब त्यातून वजा केला तरी उरतो तो थोडाथोडका नाही. बॅरलला घासत येणाऱ्या साध्या रिंगच्या पकडीवर पिन ढकलायची तर एवढा जोर आणायचा कुठून? रिंग घट्ट केली तर ती वर जातानाही घासणार, आणि वाळू येणाऱ्या विहिरीत तिचं आयुष्य किती ते सांगायला नको.

रिग फ्लोअरवर पाइप धरायच्या स्लिप्स ज्यांनी वापरल्यात त्यांना पुढचं लगेच कळेल. पाचर! वजन जितकं जास्त तितकी पकड जास्त. मी रिंगचे तुकडे केले आणि ते प्लंजरखालच्या एका शंकूवर बसवले, रुंद बाजू वर. प्लंजर खाली निघाला की रिंग किंचित मागे राहते, शंकूवर चढते, फुगते आणि बॅरलला धरते. तिच्यावर टेकलेली पिन बॉल उचलते. जोर देतं रॉडचं स्वतःचं वजन, त्यासाठी तळाशी सिंकर बार, म्हणजे जड सळ्या. वर जाताना रिंग शंकूच्या निमुळत्या बाजूला घसरून सैल होते. फक्त एक धोका होता : पाचर पूर्ण बसली तर प्लंजर तिथेच अडकेल. म्हणून शंकूवर एक खांदा, म्हणजे रिंगला अडवणारी पायरी, ठेवला. रिंग ठरावीक अंतर चढली की खांद्याला टेकते, पकड तिथून पुढे वाढत नाही आणि पुढे ती घसरत खाली येते. बॉल एकदा सीटवरून सुटला की दोन्हीकडचा दाब सारखा होतो, त्यामुळे जोर लागतो तो क्षणभरच.

हे सगळं नोकरी सोडल्यावर, नाशकात अंबडच्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये झालं. तरीही अर्जाआधी मी जुना करार काढून वाचला. आपल्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या शोधाबद्दल वेगळं कलम नाही. सगळं करारावर चालतं. कराराच्या भाषेत थोडी शंका वाटली म्हणून जुन्या कंपनीकडून ना-हरकत पत्र घेतलं. नोकरीत असलेल्यांनी हे काम सगळ्यात आधी करावं.

दुसरं काम प्रोव्हिजनल अर्जाचं, म्हणजे तारीख पक्की करणाऱ्या तात्पुरत्या अर्जाचं, आणि तेही विहिरीत चाचणी घेण्याआधी. चाचणीत शोध आधीच उघड झाला तर तो नवीन नाही असं कुणी म्हणू शकतं. कायद्याच्या कलम ३२ मध्ये वाजवी चाचणीसाठी वर्षभराची सवलत आहे, पण ती चाचणी गरजेची होती का, किती उघड होती, यावर नंतर वाद घालत बसण्यापेक्षा तारीख खिशात असलेली बरी. प्रोव्हिजनलनंतर कम्प्लीट स्पेसिफिकेशनला, म्हणजे क्लेमसकट पूर्ण वर्णनाला, १२ महिने मिळतात. चाचण्या मी त्या काळात घेतल्या आणि त्यांतून ठरलेला शंकूचा कोन कम्प्लीटमध्ये घातला.

असं काही आधी कुणी केलंय का, याची शोधाशोध स्वतः केली. पेटंटच्या वर्गीकरणात एफ०४बी ४७ म्हणजे खोल विहिरींचे पंप आणि ई२१बी म्हणजे ड्रिलिंग व विहिरी. या दोन खणांतच माझे सगळे पूर्वज बसलेले होते. जुनी अमेरिकन पेटंटं वाचण्यात माझे रविवार गेले, आणि त्यातला निम्मा वेळ कामाबाहेरच्या वाचनात. जेम्स अ‍ॅबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमरन यांनी १९२२ मध्ये दाखल केलेला रॅम ब्लोआउट प्रिव्हेंटरचा, म्हणजे विहीर उसळली तर तिचं तोंड ठोकळ्यांनी (रॅमनी) बंद करणाऱ्या यंत्राचा, अर्ज (पेटंट १९२६ मध्ये मिळालं) मिळवून वाचाच. दोन बाजूंनी रॅम येऊन पाइपाला मिठी मारतात, ही कल्पना आजच्या रिगवरही तशीच आहे. आणि ड्रॉइंग असं, की टर्नरच्या हातात दिलं तर तो कामाला लागेल.

कम्प्लीटचे नियम किरकोळ पण कडक. शीर्षक १५ शब्दांत, सारांश १५० शब्दांत, ड्रॉइंगवर वर्णन नाही, फक्त भागांचे आकडे. प्रकाशन साधारण १८ महिन्यांनी होतं. घाई असेल तर फॉर्म ९. तपासणी मात्र आपोआप होत नाही, फॉर्म १८ भरावा लागतो. २०२४ च्या दुरुस्तीनंतरच्या नव्या अर्जांना त्याची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आली आहे.

मग आला एफईआर, म्हणजे पहिला तपासणी अहवाल. तो वाचून बायकोला वाटलं अर्ज फेटाळला. तसं नसतं, बहुतेकांना आक्षेप येतातच आणि उत्तराला सहा महिने असतात. एजंट मी याच टप्प्यावर घेतला. परीक्षकाचं म्हणणं नेमकं होतं : पिन आणि घासणारी रिंग एका जुन्या पेटंटमध्ये आहे, पाचरीची पकड दुसऱ्यात आहे, दोन्ही एकत्र करणं या धंद्यातल्या माणसाला सहज सुचेल. शिवाय कलम ३(एफ), म्हणजे माहीत असलेल्या उपकरणांची नुसती मांडामांड.

एजंटने उत्तराचा पहिला मसुदा फायद्यांवर लिहिला होता : तेल वाढतं, वीज वाचते. मी तो बाजूला ठेवायला लावला. फायदे खरे होते, पण आक्षेपाला ते उत्तर नव्हतं. दुसऱ्या पेटंटमधली पाचर हालचाल थांबवण्यासाठीच आहे. ती पहिल्यात जशीच्या तशी घातली तर प्लंजर अडकेल आणि पंप मरेल. म्हणजे या धंद्यातला माणूस ती घालायला धजावणारच नाही. घालता येते ती खांद्यामुळे, आणि खांदा दोन्हींत नाही. आम्ही पहिल्या क्लेममध्ये खांदा आणि रिंगच्या चढण्याची मर्यादा आणली. कलम ५९ प्रमाणे मूळ अर्जात नसलेलं नंतर घुसवता येत नाही. खांदा पहिल्यापासून ड्रॉइंगमध्ये आणि वर्णनात होता, म्हणून चाललं. क्लेम अरुंद झाला. एजंटला हळहळ वाटली, मला नाही. खांद्याशिवाय ही वस्तू कुणी बनवली तर ती विहिरीतच अडकून बसेल, तिच्यावर हक्क घेऊन मी काय करू?

सुनावणी व्हिडिओवर झाली. अँटॉप हिलचं पेटंट कार्यालय मी अजून आतून पाहिलेलं नाही. कंट्रोलरनी, म्हणजे पेटंट द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, विचारलं, रिंग, पिन आणि बॉल एकमेकांवाचून स्वतंत्रपणे काम करतात का? मी आकृतीतला क्रम वाचून दाखवला : रिंग थांबल्याशिवाय पिन हलत नाही, पिनशिवाय बॉल नाही. त्यानंतर लेखी निवेदनाला १५ दिवस असतात. ते दिलं आणि पेटंट मंजूर झालं.

आता तिसऱ्या वर्षापासूनचं नूतनीकरण सहाव्यापर्यंत वर्षाला ८०० रुपये, पुढे वाढत जातं. पेटंट वापरात आहे की नाही हे सांगणारा फॉर्म २७ आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा. एवढ्यात वाळूच्या विहिरींसाठी रिंगला तिरके खाचे पाडलेत, वाळू त्यातून निघून जाते. त्याचा अर्ज पेटंट ऑफ अ‍ॅडिशन, म्हणजे मूळ शोधातल्या सुधारणेचं जोडपेटंट, म्हणून टाकतोय. मूळ पेटंट जिवंत आहे तोवर त्याला वेगळं नूतनीकरण लागत नाही, मुदत मात्र मूळ पेटंटबरोबरच संपते. ड्रॉइंग तयार आहेत. खाचेचा कोन अजून दोन आकड्यांत अडकलाय.