जोडीच्या गाण्यांची वही : पावसाळ्यातली पानं

पावसात जत्रा नाहीत, काले (देवळातली लोकनाट्यं) नाहीत, रात्रीची नाटकंही बंद. गोव्यात, फोंड्यात बसून ऐकायला वेळच वेळ. त्यामुळे वहीतली नाट्यपदांची पानं या खेपेला बरीच पुढे सरकली. नियम जुनाच: एकाच गाण्याचं एक मूळ ध्वनिमुद्रण, एक मागाहूनचं, दोन्ही एका बैठकीत, हेडफोन लावून, आणि आवाज कुणाचा गोड हे लिहायचं नाही. गोड सगळेच असतात.

आधी पट्टीचं, म्हणजे गाण्याचा सा कोणत्या सुरावर आहे त्याचं, बोलतो, कारण यावरून आपल्यात उगाच वाद होतात. ७८च्या तबकड्या नावाला मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. त्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग सगळीकडे एकसारखा नव्हता, आणि पुढे कुणी ती तबकडी कोणत्या वेगाने फिरवून संगणकावर घेतली, देव जाणे. ७८ची ८० झाली तरी काळी चारमधलं गाणं काळी चार आणि पांढरी सहा या पेटीवरच्या शेजारच्या पट्ट्यांच्या मधोमध जाऊन बसतं. मग 'नव्या गायकाने पट्टी खाली घेतली' म्हणून आपण नाक मुरडतो, आणि बिचाऱ्याने काहीच केलेलं नसतं. माझी रीत अशी: तानपुऱ्याचं अॅप लावून मुळाचा सा शोधायचा. तो दोन स्वरांच्या मध्ये लटकत असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरात वेग बदलून जवळच्या पट्टीवर आणायचा. नुसती पट्टी बदलायची नाही, वेगच बदलायचा. त्याने ठेकाही जागेवर येतो. वर आणायचं की खाली, हे मात्र कानानेच ठरवावं लागतं. आवाज किनरा वाटला तर खाली.

आता पहिली जोडी. 'परवशता पाश दैवे', १९२७च्या 'रणदुंदुभी'तलं, वीर वामनराव जोशींचं. मूळ मास्टर दीनानाथ, मागाहून आशा भोसले. दीनानाथ म्हणजे आमच्या मंगेशीचे, त्यामुळे इथे निःपक्षपाती राहणं कठीणच. (गुलामगिरीवरचं पद, गाणाऱ्याचं गाव तेव्हा पोर्तुगिजांकडे आणि नाटकाचे दौरे ब्रिटिश मुलखात. असो.) आशाबाईंनी वडिलांच्या जागा बऱ्याच सांभाळल्यात, पण माझ्या कानाला मोठा फरक तानेत नाही, 'पाश' या शब्दात आहे. दीनानाथ तो शब्द फेकतात, थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे असा. आशाबाईंच्या पुढ्यात मायक्रोफोन आहे. त्या शब्द जवळ घेतात, 'श' हलकेच सोडतात. त्यामुळे मूळ ऐकताना चीड कळते आणि मागाहूनचं ऐकताना दुःख. मला कोणतं आवडतं? सकाळी एक, रात्री दुसरं.

खरं घबाड पुढेच आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावायची. रंगमंचावर तेच पद वन्समोअर घेत घेत कितीही लांबायचं. म्हणजे आपण 'मूळ' म्हणून जे उराशी धरलंय ते मुळातच कापून बसवलेलं आहे. आमच्याकडे जत्रेतल्या नाटकात हौशी नट पद गातो तेव्हा तो बहुतेक वेळा नाटकातलं पद गात नाही, तबकडी गातो. त्याच ताना, त्याच क्रमाने, तिथेच शेवट. आमच्या वाड्यावरच्या ऑर्गनवाल्या मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे, तबकडी संपली म्हणून पद संपत नसतं. पण पोरांना थांबायचं कुठे तेच ठाऊक. सुरू कुठून करायचं ते नव्हे." तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवलाय: पदाच्या आधी नाटकात काय चाललंय.

या रकान्याचा पहिला फायदा 'घेई छंद मकरंद'ला झाला. 'कट्यार काळजात घुसली', १९६७, शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. तेही मंगेशीचेच, काय करणार. इथे जोडी नाटकाच्या आतच आहे. तेच शब्द नाटकातल्या पंडितजींच्या घराण्याकडून एका चालीत येतात आणि त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब यांच्याकडून दुसऱ्या. एक धानी रागात, एक सालगवराळीत. खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांची द्रुत सालगवराळी आपण सगळे सुटी ऐकतो आणि वाहवा करतो. पण शेजारी पंडितजींची शांत चाल ठेवली की ती तयारी जरा वेगळीच भासायला लागते. 'मला याच्याहून जास्त येतं' हे त्या तानांमधून ऐकू येतं. खाँसाहेबांचा मत्सर अभिषेकींनी चालीतच घालून ठेवलाय. २०१५च्या चित्रपटात पंडितजी शंकर महादेवन आणि खाँसाहेबांना आवाज राहुल देशपांड्यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. तुलना करणारे बहुतेक लोक राहुलना आजोबांच्या शेजारी उभं करतात. माझ्या मते ती जोडीच चुकीची. त्यांना त्याच चित्रपटातल्या शंकर महादेवनांसमोर ठेवून ऐका. पदाचं काम तिथे आहे.

नाटकाबाहेरचं एकच पान, तेही थोडक्यात. 'हांव सायबा पोलतडी वैतां' ही देखणी (गोव्यातला नाचाच्या गाण्याचा प्रकार) लोकगीत म्हणून खपते, पण ती कार्लुस एउजेनियो फेरैरा यांची रचना. पलीकडच्या तीरावर दामूच्या लग्नाला निघालेली बाई नावाड्याला अंगावरचे दागिने देऊ करते आणि तो 'म्हाका नाका गो' (मला नको गं) म्हणत राहतो. 'बॉबी'तलं (१९७३) 'ना मांगूं सोना चांदी' हे नुसती चाल उचललेलं गाणं असं मी समजत होतो. पण मुखडा पाहा: नावाड्याचा तो नकारच हिंदीत गाण्याच्या तोंडाशी आणून बसवलाय. बाईचं 'घे घे'ही राहिलंय. होडी मात्र गेली, आणि होडीबरोबर तिची घाईही.

पुढचं पान 'मत्स्यगंधा'तलं 'गुंतता हृदय हे'. रामदास कामत आणि आशालता वाबगावकरांचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, ते कुणी पाठवू नका. मला हवंय ते एखाद्या गावच्या प्रयोगातलं, फोनवर टिपलेलं, प्रेक्षकांच्या खोकल्यासकट. त्यातही पदाआधीचे दोन-चार संवाद आलेले असतील तर फारच बरं.