आबा, बूट आणि किताब

रविवार, रात्री उशिरा

काल मिलवॉकीला होतो. तिथल्या लेदर बारमध्ये, म्हणजे चामड्याचे कपडे-बूट घालणाऱ्या गे मंडळींच्या बारमध्ये, खुर्ची मांडली आणि बार बंद होईपर्यंत लोकांचे बूट पुसून चमकवले. टिपांची बरणी भरली, ती एचआयव्हीचं काम करणाऱ्या एका दवाखान्याला दिली. बूटब्लॅक म्हणजे बूट आणि चामडं साफ करून चमकवणारा; आमच्या भागाचा तो किताब स्पर्धेत मिळाल्यापासून बरेचसे शनिवार असेच जातात. कधी इंडियानापोलिस, कधी सेंट लुईस. डिकीत पेटी, घोड्याच्या केसांचे ब्रश आणि जुन्या बनियनच्या चिंध्या. आज दुपारी उठलो तर आबांचा फोन.

"अजून चाललंय व्हय रं तुझं बूट पुसायचं?"

मी गे आहे हे आबांनी पचवलं. वेळ लागला, आई मध्ये पडली, पण पचवलं. माझ्या जोडीदाराची ते आता नाव घेऊन चौकशी करतात. मात्र मी बारमध्ये बसून परक्यांचे बूट पुसतो आणि त्याबद्दल गळ्यात सॅश, म्हणजे किताबाचा पट्टा, घालतो, हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नाही. मला त्यांचं म्हणणं पुरतं कळतं, म्हणूनच ते लागतं.

आम्ही चर्मकार. आजा कोल्हापुरात चप्पल लाईनीतल्या दुकानांना माल करून द्यायचा. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं म्हशीचं कातडं, खिळा न मारता शिवलेली चप्पल. त्या चपला सगळ्यांच्या पायात चालायच्या, पण आजाला पाणी वरून ओतून मिळायचं. आबांना वर्गात मागं बसवायचे. ते जिद्दीनं शिकले, सरकारी नोकरीला लागले, आणि आजा गेल्यावर रापी, आरी सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. आम्हा भावंडांना त्याला हात लावू दिला नाही. त्यांनी मला ज्यातून बाहेर काढलं, तिथंच मी अमेरिकेत जाऊन बसलो, असं त्यांना वाटतं.

आबांना फोनवर सांगता येत नाही ते इथं लिहितो.

लेदरच्या जगात बूटब्लॅक कोपऱ्यात बसणारा माणूस नाही. इथले बूट, जॅकेटं, व्हेस्ट ही नुसती कपडेलत्त्याची हौस नाही, त्यात माणसाचं आख्खं आयुष्य असतं. ते ज्याच्या हातात द्यायचं, त्याच्यावर विश्वास लागतो. चक रेन्स्लो आणि डॉम ओरेहुडोस यांनी १९७९ साली शिकागोत इंटरनॅशनल मिस्टर लेदर ही स्पर्धा सुरू केली. रेन्स्लोंच्या गोल्ड कोस्ट बारमधल्या स्पर्धेतून ती वाढली, आणि आता दर मे महिन्याच्या शेवटी देशोदेशीचे लोक तिला येतात. १९९३पासून तिथंच बूटब्लॅकचाही आंतरराष्ट्रीय किताब देतात. माझा किताब त्याच्या कितीतरी खालचा, आमच्या भागापुरता. पण काम तेच.

काल सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. पायात स्वतःचे बूट होते, हातात पिशवीत दुसरे. काळे, गुडघ्यापर्यंतचे, ओमाहाच्या डेनर कंपनीचे, मोटरसायकलवरचे पोलीस घालतात तसे. जोडीदाराचे होते. तो एड्सनं गेला, नव्वदीच्या सुरुवातीला, नीट लागू पडणारी औषधं यायच्या आधी. तेव्हापासून ते बूट कपाटात उभे. घोट्याशी जिथं पाय मुडपतो तिथं चामड्याला भेगा पडल्या होत्या. आधी कोरड्या ब्रशनं धूळ काढली. मग ओल्या फडक्यावर सॅडल सोप, म्हणजे चामड्याचा साबण, घेऊन जुन्या पॉलिशचे थर सोडवले, पुसलं, वाळू दिलं. ग्रीस मी बोटांनीच लावतो, हाताच्या उबेनं ते वितळतं आणि आत शिरतं. त्या भेगा मी अंगठ्यानं चोळत राहिलो आणि ते बोलत राहिले. दोघं कुठं भेटले, दवाखान्यात कोण कोण आलं, कोण आलंच नाही. त्याच्या घरच्यांनी सगळं सामान नेलं, बूट तेवढे यांनी आधीच लपवून ठेवले होते. मी मान वर केली नाही, कारण हात थांबले असते तर तेही थांबले असते. शेवटी मेण लावून, पाण्याचे थेंब टाकून टोकाला चमक काढली. त्यांनी बूट छातीशी धरून नेले.

आजाला असं कधी कुणी काही सांगितलं असेल का? त्याच्यापुढं लोक पाय करायचे, तोंड नाही.

फरक आहे तो इथं. मी ही खुर्ची स्वतः निवडली, सोमवारी ऑफिसात जाऊन संगणकापुढं बसतो. आजाला दुसरं दारच नव्हतं. स्पर्धेत भाषण करायचं असतं, त्यात मी हेच बोललो. नंतर एकजण कौतुकानं म्हणाला, काय सुंदर वारसा आहे तुझा. त्याला तिथंच सांगितलं की कसब वारशानं आलं हे खरं, पण त्याच्याबरोबर जे लादलं गेलं त्याला सुंदर म्हणू नकोस. तो ऐकून घेऊन गप्प राहिला, नंतर येऊन नीट विचारायला लागला. सॅशचा मला एवढा उपयोग पुरेसा आहे. ती गळ्यात असली की लोक थांबून ऐकतात.

शिकागोत डेव्हन रस्त्यावर देशी दुकानांत पोहे आणायला गेलो की मी तसाच १५५ नंबरच्या बसनं पूर्वेला जातो. त्याच रस्त्यालगत ग्रीनव्ह्यूवर लेदर आर्काइव्हज अँड म्युझियम आहे, पूर्वीच्या सिनेगॉगच्या इमारतीत. जे एड्सच्या साथीत गेले, ज्यांच्या वस्तू घरच्यांनी फेकून दिल्या असत्या, त्यांचं चामडं तिथं जपलंय. आबा आले तर त्यांना तिथं नेणार.

आज फोनवर त्या भेगांचं सांगितलं. आबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आतनं तेल लावलंस का? नुसतं वरनं लावून भागत नाही. आणि उन्हात वाळवू नको." माळ्यावरच्या गोणपाटाला हात न लावणारा माणूस! त्या गृहस्थांना निरोप धाडलाय, बूट परत आणा म्हणून.

आता किताबाचं एक काम उरलंय. आमच्या समितीकडून लेदर किताब मिळालेल्याला प्रवासखर्च मिळतो, बूटब्लॅकला त्याच्या निम्मासुद्धा नाही. दौरे तेवढेच, शिवाय सामानाचा खर्च वेगळा. पुढच्या वर्षी जो कुणी या खुर्चीत बसेल त्याच्या खिशाला हा भार नको. गेल्या सहा महिन्यांच्या पावत्या काढल्यात, उद्या संध्याकाळी समितीला पत्र जाईल, आणि सॅश उतरवायच्या दिवशी स्टेजवरूनही हेच मागणार आहे.