कंटॅमिनेशन म्हणून बादलीत चाललेली प्लेट

मुठेच्या पाण्यात फाज, म्हणजे बॅक्टेरियांना मारणारे व्हायरस, शोधायचं काम सध्या ज्युनिअर्सकडे आहे. परवा एक जण प्लेट घेऊन थेट डिस्कार्डच्या बादलीकडे निघाली, "मॅडम, कंटॅमिनेशन आहे." बघते तर ई. कोलायच्या लॉनवर (प्लेटभर सलग वाढवलेला बॅक्टेरियांचा थर) एक आगाऊ कॉलनी आणि तिच्याभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ. हल्ली पोरांचा प्रोटोकॉल पाठ असतो, प्लेट उजेडाकडे धरून बघायची सवय मात्र नाही, असो.

मला संशय आला कोलिसिनचा. एका ई. कोलायने दुसऱ्या ई. कोलायला मारायला बनवलेलं प्रोटीन, बेल्जियममध्ये आंद्रे ग्राशियाने १९२५ साली दाखवलेलं. पण फाजनेही लॉन साफ होतो, म्हणून कॉलनी वेगळी वाढवली, क्लोरोफॉर्मच्या वाफेने मारली आणि वर लॉनवाले सेल्स घातलेलं सॉफ्ट अगार ओतलं (४५ डिग्रीला, हात बसल्याशिवाय जमत नाही, जरा थंड झालं की गुठळ्या आणि जास्त गरम असलं की सेल्स मेले). झोन आला, म्हणजे पुन्हा तेच रिकामं वर्तुळ. शेजारी ट्रिप्सिनचा, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमचा, थेंब टाकला तर त्या बाजूने झोन चपटा, म्हणजे प्रोटीनच. अर्क पातळ करत ठिपके दिले, फाज असता तर शेवटी सुटे सुटे प्लाक, म्हणजे एकेका फाजने पाडलेली छोटी भोकं, दिसले असते, इथे ठिपका नुसता फिकट होत गेला. मग बीटीयूबी (BtuB) हे बाहेरच्या आवरणातलं प्रोटीन नसलेल्या ई. कोलाय म्युटंटवर टाकलं तर ढिम्म फरक नाही. बीटीयूबी हे खरं तर व्हिटॅमिन बी१२ आत घ्यायचं दार, विषही आधी तिथेच येऊन चिकटतं.

डोक्यातून जात नाहीये ते पुढचं. मायटोमायसिन (डीएनएला इजा करणारं औषध, त्याने कोलिसिन बनवणं सुरू होतं) घातलं आणि काही तासांत गढूळ ब्रोथ निवळलं. कोलिसिन बाहेर सोडायला या सेलला स्वतःलाच फुटावं लागतं! एरवी थोडेच सेल्स फुटतात, बाकीचे भाऊबंद वाचतात कारण कोलिसिनचा जीन असलेल्या त्याच प्लाझ्मिडवर (क्रोमोसोमपासून वेगळी, डीएनएची छोटी कडी) विषाला निकामी करणाऱ्या इम्युनिटी प्रोटीनचा जीनही असतो. आमचे सर म्हणाले, "त्याग-बिग लिहू नकोस, रिव्ह्यूअर हसतील." बरोबर आहे त्यांचं, पण हिशोब तरी लागायला हवा ना? प्लेटवर मेलेल्याची रिकामी जागा शेजारच्या भावाला मिळते, हलत्या फ्लास्कमध्ये ती कोणालाही मिळते, म्हणून तिथे मूठभर विषवाले असले तर टिकत नाहीत. मग वाहत्या नदीत हे प्लाझ्मिड बाळगून फायदा कोणाचा? का ते कुणाच्या तरी आतड्यातून नाल्यामार्गे आलंय, आणि नदी फक्त रस्ता?

ज्युनिअरला आता पाण्याऐवजी काठच्या दगडांवरचा बुळबुळीत थर खरवडून आणायला सांगितलंय, तिथे सेल्स प्लेटसारखे जागच्या जागी असतात. तोंड बघण्यासारखं झालं होतं तिचं.